पहिल्या घासाचा मान

“भागीकाकी अळंबीचा वास घेऊन बघत्यात, मामंजी. अगदी मांजरागत!”

कुमुदवहिनी हे बोलली आणि स्वतःच हसली. ओटीवर पुरुषांची पंगत बसली होती आणि ती भात वाढत होती. माझे थोरले काका, ज्यांना सगळं गाव आपा म्हणायचं, ते घास तोंडाशी नेत होते. तो घास पानात परत गेला.

आमच्या घरात सुना आपांशी बोलत नसत. ही बोलायची. घाटावरची, आजऱ्याकडची. माझ्या भावाची, उल्हासची बायको होऊन वर्ष व्हायचं होतं. तिला वाटलं, मजेची गोष्ट सांगितली.

“काय म्हणालंस?” आपांनी विचारलं.

“काल राईच्या कडेला दिसल्या मला. एक अळंबी तोडायची, नाकाला लावायची, मग टोपलीत.” तिने नाक फेंदारून दाखवलं.

कुणी हसलं नाही. तेव्हा तिच्या हातातला पळा थांबला.

देवाला वाहायच्या वस्तूचा वास घ्यायचा नसतो. फूल असो की फळ, वास घेतला की ते उष्टं झालं. आणि देवराईतली पहिली हळदी अळंबी देवीला आमच्या घरातून जायची. हळदी म्हणजे पिवळीधम्मक, नरसाळ्यासारखी, श्रावणात फक्त त्या राईत उगवणारी अळंबी. ती आणायचा मान आमच्या घरातल्या सुनेचा. माझी चुलती भागीकाकी, आपांच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको, कितीतरी वर्षं तो मान सांभाळत होती.

“भागी,” आपांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे न बघता हाक मारली. “ह्या खरा काय?”

“होय,” आतून आवाज आला.

“कधीपासून?”

“टोपली हातात इली तेव्हापासून.”

“इतकी वर्सां देवीक उष्टा घातलंस?”

“देवीन कधी तक्रार करूक नाय,” काकी म्हणाली.

मी दाराच्या फटीतून बघत होते. आपांच्या मानेवरची शीर उडत होती. त्यांनी पानात हात धुतला, उठले आणि निकाल दिला. काकीने यापुढे राईत पाय टाकायचा नाही, देवळाच्या दगडी गडग्याच्या आत यायचं नाही. टोपली कुमुदकडे.

मला माझ्या नवऱ्याने टाकलं होतं आणि मी त्या घरात दोन वेळच्या भातावर राबत होते. त्यामुळे निकाल देताना माझ्याकडे कुणी बघितलं नाही. बघायचं कारणही नव्हतं. लेकीला तो मान नसतो.

संध्याकाळी कुमुद काकीच्या पायाशी बसून रडली.

“काकी, देवाशपथ, मी तसं न्हवतं म्हटलं हो. मला ठाऊकच न्हाई तुमच्यातलं.”

“डोळे पूस. तू खरा ता सांगलंस,” काकी म्हणाली. “आता मी काय सांगतंय ता आयक. शालन, तू पण आयक.”

तिने चुलीपुढच्या राखेत बोटाने काढून दाखवलं. हळदी जमिनीतून येते, एकेकटी येते. तिला उलटी करून पोट बघायचं. हळदीच्या पोटाला शिरा असतात आणि त्या देठावर उतरतात.

“माझ्या हातार आसत ना, तश्यो.” तिने हात पुढे केला. “दुसरी आसा ती देवचाराची हळदी. रंग तोच, आकार तोच. तिच्या पोटाक पानां आसतत, पोथयेसारखी. ती मेलेल्या लाकडार येता, घोसान येता.”

देवचार म्हणजे राईचा राखणदार. काळोखात दिवटी घेऊन शिवेवरून फिरतो म्हणतात.

“लाकडावर असली तर कळंलच की,” कुमुद म्हणाली.

“लाकूड मातयेखाली पुरलेला आसता. आणि पावसान चेचली की शिर खंयची नि पान खंयचा, कोणाक कळणा नाय. म्हणान शेवटाक नाकाकडे धरायची. बरक्या फणसाचो वास इलो तर आपली. नाय इलो तर थंयच टाकायची नि पुढे जायचा.”

कुमुदने दोन्ही कानांना हात लावले. “नको गं बाई! उष्टं करू देवीचं?”

“राईत कोण बघूक येणा नाय.”

“देवी हाय की.” मग तिने आवाज खाली आणला. “काकी, मला दिवस गेल्यात. अजून ह्यांनाबी सांगितलं न्हाई. आता असलं पाप नको मला.”

काकीने तिचा हात घट्ट धरला. “त्याच्यासाठीच सांगतंय गो. वास घे.”

“बरं, बरं,” कुमुद म्हणाली. ती घेणार नव्हती. तिचा चेहरा साफ होता, त्यावर काही लपत नसे.

मानाच्या दिवशी सकाळपासून त्या बाईशी कुणी बोलत नाही. तिला हिरवी साडी नेसवतात. राईच्या तोंडाशी शेंदूर लावलेले दगड ओळीने आहेत, त्यांना ती खण वाहते आणि एकटी आत जाते. विळा नाही, कोयती नाही, हाताने तोडायचं. टोपली केळीच्या पानाने झाकून आणायची आणि थेट बाबी गुरवाच्या हातात द्यायची. देवळाच्या पुढ्यात तीन दगडांची चूल. तो नुसतं मीठ आणि खोबरं घालून शिजवतो. देवीला दाखवतो. मग पहिला घास त्या सुनेचा. ती पोटभर जेवते आणि सगळं गाव तिच्यासाठी उभं असतं. बाकीच्यांनी खायचं ते दिवेलागणीला, देवळातली समई पेटल्यावर. एरवी ज्या बाईला उठताबसता बोल लावतात, तिच्यासाठी आपा हात जोडून उभे राहत. मला लहानपणी भागीकाकीचा हेवा वाटायचा.

कुमुद इरलं घेऊन गेली. पाऊस धरून होता. परत आली तेव्हा साडीचा काठ चिखलाने भरला होता आणि ती आनंदाने नुसती फुलली होती. बोलायचं नव्हतं म्हणून तिने मला भुवया उडवून टोपलीचं वजन दाखवलं. टोपली भरलेली होती. काकी सकाळभर फिरायची तेव्हा कुठे टोपलीचा तळ झाकायचा.

टोप चुलीवर चढला. उकळी फुटली. दरवर्षी उकळी फुटली की फणसाचा वास सुटायचा, पोरं नाकं वर करून नाचायची. मी वाट बघितली. धूर आला, खोबऱ्याचा वास आला. त्याच्याखालून ओल्या, कुजक्या लाकडाचा वास आला.

“शालन!” काकी गडग्याच्या बाहेर पावसात उभी होती. “वास इलो?”

“नाय!”

“मगे तिका खाऊक देव नको! आयकलंस? तिका खाऊक देव नको!”

“त्या बायलेक कोणीतरी घराक न्हेया रे,” आपा म्हणाले.

मी चुलीकडे गेले. “आपानू, ही हळदी न्हय. आजचो दीस रवांदे.”

“वास, वास! तुमका दुसरा कायच सुचणा नाय?”

“टोपात बघा तरी. बाबी, पळ्यान वर काढ बघू एक.”

बाबी गुरवाने आपांकडे बघितलं आणि पळा खाली ठेवला. त्याने पान मांडलं, पहिल्या वाढीने भरलं आणि कुमुदपुढे ठेवलं. मी पानाकडे झेपावले. माझं मनगट मागून कुणीतरी धरलं. उल्हास होता.

“गप रव. सगळो गाव बघता.”

“बायको तुझी आसा ती!”

“म्हणानच सांगतंय, गप.”

मी हिसका दिला. त्याने दुसराही हात धरला. माझा धाकटा भाऊ, ज्याला मी कडेवर वाढवला, त्याने मला सगळ्या गावासमोर दोन्ही हातांनी धरून ठेवलं. कुमुदने ते बघितलं. तिला माझी लाज वाटली असावी. तिने पहिला घास घेतला; आता तिला बोलायची मुभा होती.

“वन्सं, उगाच घाबरताय. माझ्या हातानं तोडल्यात की मी. सोन्यागत हुत्या, एका जागी सगळ्या.”

एका जागी सगळ्या.

“वहिनी, थुक ते!”

ती हसली, मान हलवली आणि दुसरा घास घेतला. सगळे हात जोडून उभे होते. तिने पान चाटूनपुसून संपवलं, मानाचं पान टाकायचं नसतं म्हणून.

तिला पहिली उलटी झाली तेव्हा समोरच्या बायका म्हणाल्या, देवी अंगात आली. दुसरी झाली आणि मग त्या थांबेनात. ती पोट धरून देवळाच्या पायरीवर आडवी झाली. आपा तिच्याकडे गेले नाहीत. ते आधी बाबीकडे गेले. मी अगदी जवळ होते, म्हणून ऐकलं.

“टोप पुरून टाक. खोल पूर. कुत्र्यांका पण घालू नको.”

मग ते मागे वळले आणि मोठ्याने म्हणाले, “देवीचो कोप झालो. कौल लावया.”

डॉक्टर बाजारात होता, ओहोळाच्या पलीकडे. मी म्हटलं डोली करा. ओहोळ भरलाय म्हणाले. त्याच दुपारी पोस्टमन त्याच ओहोळातून, सायकल डोक्यावर घेऊन, अलीकडे आला होता आणि आमच्या ओटीवर बसून चहा प्यायला होता. ते मी सांगितलं. ते कुणाला ऐकू आलं नाही. सगळे पुरुष देवळात कौलाला बसले. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कळ्या लवकर पडत नव्हत्या. उल्हासही तिथेच बसला होता.

कुमुदचा चेहरा आत ओढला गेला होता. पाणी पाजलं की बाहेर. काकी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी तळवे चोळत होते. मध्ये तिला थोडं बरं वाटलं.

“वन्सं,” ती म्हणाली, “तुमाला काय हुतंय का? तुमी खाल्लासा न्हवं?”

“नाय खाल्लंय.”

“मामंजींनी?”

“नाय.”

“ह्यांनी?”

मी मान हलवली.

“का?” तिने विचारलं.

मी म्हटलं, दिवेलागण व्हायची होती. ती पुन्हा म्हणाली, “न्हाई, पण का?” त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही. सकाळी गेली. पोटातलं कुणाला कळलं नव्हतंच. ते काकीला आणि मला ठाऊक होतं. आम्ही ते उल्हासला सांगितलं. त्याला सुटका द्यायचं माझ्या मनात नव्हतं.

आज मी त्या गावापासून लांब राहते. कुठे पंगतीला बसले की माझी नजर आधी फिरते, कोण जेवायचं थांबलंय ते बघायला. आणि कुणी ना कुणी थांबलेलं असतं. तेव्हा कुमुद माझ्या कानाशी येऊन विचारते, “का?” आवाजात राग नसतो तिच्या. खरंच कळत नाही म्हणून विचारते.

ती गेल्यावर विहिरीवर तिचे कपडे धुताना मी तोच प्रश्न काकीला विचारला. काकी हिरव्या साडीवरचा चिखल घासत होती.

“तुझ्या आजयेन माका टोपली दिली,” ती म्हणाली, “तेव्हा कानात सांगलेला. वास घे, कोणाक सांगा नको. तिका तिच्या सासूयेन सांगलेला.”

“म्हणजे सगळ्यांनीच वास घेतलो?”

“ज्यो जगल्यो, तेंनी.”

“आणि बाकीच्यो?”

“राईच्या तोंडार दगड आसत. आपण खण घालतो तेंका. ते काय देव न्हय गो.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“कोणीतरी आधी खावक होया,” काकी म्हणाली. तिच्या आवाजात काही चढउतार नव्हता. “दिवेलागणीपर्यंत बघूक होया, जगता काय मरता. घरात कोण जास्त आसता? रांडमुंड, नायतर नवी सून, जिका पोर झाला नाय. तेंका हिरवी साडी दी, हात जोड, मान म्हण. तू फुकट मर असा सांगलास तर कोण येतला?”

“आपांक ठावक आसा?”

काकीने साडी पिळली.

सुतक फिटलं. कौलाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, दोष भागीचा. दुसरं, नैवेद्य अर्धा राहिला, तो श्रावण सरायच्या आत पुरा करायचा. आपा मागीलदारी आले, जिथे ते कधी येत नसत. मी शेणी थापत होते. त्यांच्या हातात हिरवा खण होता.

“शालन, तू आता हंयचीच. घरातलीच.”

वर्षभरापूर्वी मी घराभोवतीच्या आवाठातला एक वाफा मागितला होता, भाजी लावून पोट भरायला. तेव्हा मी परक्या घरची होते.

“होय,” मी म्हटलं. “मी जातंय.”

काकीने रात्रभर विनवण्या केल्या. मी तिला काही सांगितलं नाही, कारण मी काय करणार हे मलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

राईच्या तोंडाशी दगडांच्या ओळीला एक नवा दगड लागला होता. शेंदूर अजून ओला होता. मी खण तिथे ठेवला आणि आत गेले.

वर ढग आणि खाली ती झाडं. भर दुपारी पायाखालचं दिसत नव्हतं. पाऊस पानांवर पडत होता पण माझ्यापर्यंत येत नव्हता. मी तिच्या पावलांची वाट शोधत होते. आत, एका भेरली माडाच्या पलीकडे, ती जागा सापडली. मातीतून अळंब्यांचा सगळा घोस तोडलेला होता, देठांची खुंटं उरली होती. सगळं नीट, हलक्या हाताने तोडलेलं होतं, कुठे चिरडाचिरड नाही. बोटांनी माती उकरली तर खाली काळं, मऊ झालेलं लाकूड लागलं. शेजारी तिच्याकडून राहिलेल्या चारदोन उभ्या होत्या. नंतर आलेल्याही असतील. खरंच सोन्यासारख्या. मीही त्याच घेतल्या असत्या.

मी खाली बसले आणि इरलं त्यांच्यावर आणि माझ्यावर ओढून घेतलं. आत काळोख झाला. डोळे सरावेपर्यंत थांबले. मग ती पोथीसारखी पानं उजळायला लागली. हिरवट, थंड, काजव्यापेक्षा मंद उजेड. आणि नुसत्या उभ्या असलेल्याच नव्हे, तिने तोडलेली खुंटंही. तिची बोटं जिथे जिथे लागली होती, ते सगळं मातीत पेटलेलं होतं. त्या उजेडात मला माझा हात दिसला आणि मला वाटलं, आता शेजारी तिचाही हात दिसेल. मी किती वेळ तिथे बसले, सांगता येत नाही. मग इरलं बाजूला केलं.

खऱ्या हळदी तिथून हाकेच्या अंतरावर होत्या, पाचोळ्याखाली, एकेकट्या. बुटक्या, वाकड्या, दिसायला कमी. मी प्रत्येक उलटी केली, शिरा बघितल्या आणि नाकाला लावली. एक एक. खोल श्वास घेऊन. टोपलीचा तळ झाकला तेव्हा परत फिरले.

टोप उकळला आणि फणसाचा वास देवळाभर झाला. माणसांचे खांदे खाली आले. काकी गडग्याबाहेर उभी होती. बाबीने देवीला दाखवलं, पान वाढलं, माझ्यापुढे ठेवलं. सगळ्यांनी हात जोडले.

मी पान उचललं आणि आपांच्या पुढे नेऊन ठेवलं.

“आपानू, आधी तुमी.”

“मान तुझो आसा.”

“माझोच ना? मगे मी तुमका देतंय.”

“बापये आधी खाणत नाय.”

“कित्याक?”

“तशी रीत नाय.”

“वास बरो येता ना? देवीन पण खाल्ल्यान. मगे खावा. एक घास.”

त्यांचे हात जोडलेलेच होते. ते पानाकडे बघत होते. त्या पानात काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि काय असू शकतं ते नेमकं ठाऊक होतं. त्यांचा हात हलला नाही. आपांना ठाऊक आहे का, या माझ्या विहिरीवरच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

मी पान उल्हासपुढे धरलं. “उल्हास, तू खा. तुझ्या बायलेन खाल्लेल्यान.”

उल्हास एक पाऊल मागे सरला. मग त्याने तोंड फिरवलं.

मी खाली बसले आणि जेवले. सावकाश, बोटं चाटून. मग देवळाच्या पायरीवर, ती जिथे आडवी झाली होती तिथे, टोपाजवळ पाय पसरून बसले. कुणी घरी गेलं नाही. कुणी विडी पेटवली, कुणी भाताच्या गोष्टी काढल्या, पण सगळे येऊनजाऊन माझ्या तोंडाकडे बघत होते. मीही बघत होते. एकेकाकडे. बायका आधी खाली बघायला लागल्या, मग पुरुष. मला खोकला आला तर सगळं अंगण गप्प झालं.

काळोख पडायला लागला. बाबीने समई लावली. मी धडधाकट होते. आपा घसा खाकरून उठले, धोतर झटकलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “बरा झाला. वाढा आता सगळ्यांका.”

मी टोप उचलला. पायऱ्या उतरले, ओहोळाच्या काठाशी गेले आणि ओतला. पिवळे तुकडे पाण्यावर फिरले आणि गेले.

“अगो, काय केलंस!” आपा मागून ओरडत आले. “प्रसाद होतो तो!”

“दुपारी पण प्रसादच होतो, आपानू,” मी म्हटलं.